समोरचा पडला, तर थांबायचे का?

प्रश्न : ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत मी गेली काही वर्षे न चुकता पाहतो. २०२५च्या शर्यतीत तुलूझला टप्पा संपायला थोडेच अंतर उरले असताना तादेय पोगाचार पडला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या प्रतिस्पर्ध्यांनी वेग कमी करून त्याला पुन्हा गाठू दिले. दुसऱ्या कोणत्याही खेळात अशी संधी कोणी सोडत नाही. इथे थांबण्याचा नियम आहे की हा नुसता मोठेपणा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नियम नाही. नियमपुस्तकात असे एकही कलम सापडणार नाही, आणि तरीही जो थांबत नाही त्याला पुढची कित्येक वर्षे त्याचा जाब द्यावा लागतो. याचे मूळ वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येणाऱ्याचे श्रम साधारण एक तृतीयांशाने वाचतात. तीन आठवडे, एकवीस टप्पे आणि सुमारे साडेतीन हजार किलोमीटर चालणाऱ्या शर्यतीत प्रत्येकाला कधी ना कधी प्रतिस्पर्ध्याच्या पाठीचा आडोसा घ्यावाच लागतो. आज ज्याला आपण रस्त्यात टाकून पुढे गेलो, त्याच्याच संघाने उद्या वाऱ्यात आपल्याबरोबर आळीपाळीने पुढे राहावे अशी वेळ येते, आणि तेव्हा तो मान फिरवतो. म्हणजे या सौजन्याला व्यवहाराचा पाया आहे. पण ते नुसता व्यवहार आहे असे मी म्हणणार नाही, कारण जिथे परतफेडीची शक्यताच उरलेली नव्हती तिथेही माणसे थांबलेली आहेत.

२१ जुलै २०२२ या दिवसाचे उदाहरण घ्या. पिरेनीज पर्वतातला तो शेवटचा मोठा टप्पा होता. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी योनास विंगेगोरच्या अंगावर होती आणि पोगाचार त्याच्यापेक्षा २ मिनिटे १८ सेकंदांनी मागे होता. स्पांदेलच्या घाटातून उतरताना पोगाचारने जिवावर उदार होऊन वेग घेतला, कारण चढावर विंगेगोर त्याला हलत नव्हता. आधी विंगेगोरचेच मागचे चाक घसरले आणि तो कसाबसा सावरला. थोड्याच वेळात एका वळणावर पोगाचार डांबराच्या कडेच्या खडीत गेला आणि आडवा झाला. मांडीवरची चड्डी फाटून कातडी सोलवटली होती. विंगेगोरने मागे पाहिले, पायडल मारणे थांबवले आणि उतारावर नुसती सायकल सोडून दिली. पोगाचार येऊन पोहोचला, त्याने मागचा-पुढचा काही विचार न करता हात पुढे केला आणि दोघांनी चालत्या सायकलीवर क्षणभर हात हातात धरले. पुढे ओताकामच्या चढावर विंगेगोरने त्याला १ मिनिट ४ सेकंदांनी मागे टाकून टप्पा जिंकला आणि शर्यतही त्याचीच झाली. तो थांबला नसता तरी बहुधा तोच जिंकला असता. पण ओताकामवर त्याने पोगाचारला पायांच्या जोरावर हरवले, खडीच्या जोरावर नाही, हे आज कोणालाही नाकारता येत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण १९ जुलै २०१०चे. पोर्त द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या अँडी श्लेकने मुसंडी मारली आणि त्याच क्षणी त्याची चेन पडली. आल्बेर्तो कॉन्तादोर त्याच्या शेजारून निघाला तो थांबलाच नाही. टप्पा संपला तेव्हा त्याने ३९ सेकंद कमावले होते. पिवळी जर्सी चढवताना प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याच संध्याकाळी त्याने चित्रफितीतून माफी मागितली. पॅरिसमध्ये दोघांत नेमके ३९ सेकंदांचेच अंतर उरले.

मला विचाराल, तर कॉन्तादोरने थांबायला हवे होते. मात्र श्लेकची बाजूही वाटते तितकी स्वच्छ नाही. त्याच शर्यतीच्या पहिल्या आठवड्यात बेल्जियममधल्या एका निसरड्या उतारावर श्लेक आणि इतर अनेक जण पडले, तेव्हा पिवळ्या जर्सीत असलेल्या त्याच्याच संघातल्या फाबियान कान्सेलाराने सगळ्या घोळक्याला हळू चालवून त्याला परत आणले होते. दुसऱ्याच दिवशी दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर अपघाताने घोळका फुटला, कॉन्तादोर मागे अडकला, आणि तेव्हा श्लेक व कान्सेलारा मागे वळून न पाहता पुढे गेले. शर्यत पूर्ण जोरात सुरू असेल तर थांबायचे नाही, हाही याच अलिखित संकेताचा भाग आहे. शर्यत ‘सुरू’ केव्हा होते हे मात्र प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो, आणि जवळजवळ सगळी भांडणे तिथूनच निघतात.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण ती लपवून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तेजकाच्या प्रकरणात २०१२ मध्ये कॉन्तादोरचे ते विजेतेपद काढून श्लेकला देण्यात आले. २००३ मध्ये लूझ आर्दिदेंच्या चढावर एका प्रेक्षकाच्या पिशवीत हँडल अडकून लान्स आर्मस्ट्राँग पडला, तेव्हा यान उलरिख त्याच्यासाठी थांबला होता. तो प्रसंग खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे सांगितला गेला. पुढे आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे रद्द झाली आणि उलरिखनेही उत्तेजकांची कबुली दिली. रस्त्यावर एकमेकांशी सभ्यपणे वागणारी माणसे खेळाशी प्रामाणिक असतीलच असे नाही.

प्रश्न : संघातले बाकीचे सायकलपटू स्वतः जिंकण्याची उमेद सोडून एकट्या नायकासाठी का राबतात? त्यांना यातून काय मिळते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्यांचा पगार त्याच कामाचा असतो, आणि विजेता बक्षिसाची रक्कम साथीदारांत वाटून टाकतो अशी जुनी प्रथा आहे. तरीही मन मारावे लागते ते लागतेच. १९३४च्या टूरमध्ये वीस वर्षांचा रने व्हिएत्तो चढावर सर्वांत तेज होता. पिरेनीजमध्ये उतारावर त्याच्या संघाचा नायक आंतोनँ माञ याचे चाक निकामी झाले, तेव्हा व्हिएत्तोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले आणि दुसरे चाक येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. शेजारी बिनचाकाची सायकल आणि रडवेला चेहरा असे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी तर तो माञच्या पुढे निघून गेला होता. नायक अडकल्याचे कळताच तो उलटा फिरला, उतरलेला घाट पुन्हा चढला आणि त्याने आपली सायकलच त्याला दिली. माञने टूर जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला. डोंगरी चढांचे बक्षीस, म्हणजे आपल्या मुंबई–पुणे शर्यतीच्या भाषेत ‘घाटाचा राजा’ हा मान, त्यालाच मिळाला. फ्रेंच लोकांच्या आठवणीत त्या वर्षीचा विजेता पुसट झाला आणि कठड्यावर बसलेला मुलगा राहिला.

प्रश्न : माझे वडील तरुणपणी मुंबई–पुणे शर्यतीत उतरत असत. ख्रिस फ्रूमसारखा चार वेळचा टूर विजेता २०१९च्या अपघातानंतर वर्षानुवर्षे घोळक्याच्या शेपटाला रेंगाळताना दिसला की ते टीव्ही बंद करतात आणि म्हणतात, ‘मोठ्या माणसाने वेळेवर उतरावे.’ आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या वडिलांचा आदर राखून सांगतो, मला ते पटत नाही.

१३ जुलै १९७५ रोजी एडी मर्क्स पिवळ्या जर्सीत होता आणि सहाव्या विजेतेपदाच्या वाटेवर होता. आधीच्याच टप्प्यात प्वी द डोमच्या चढावर एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात ठोसा मारला होता. तरीही आलोसच्या घाटात त्याने सर्वांना मागे टाकले, उतारावर आघाडी वाढवली, आणि मग प्रा-लूच्या शेवटच्या छोट्या चढावर, शेवटचे काही किलोमीटर उरले असताना, त्याचे पाय अचानक गळाले. जिमोंडी आणि बेर्नार थेवने हे प्रतिस्पर्धी त्याला ओलांडून गेले. सकाळी मर्क्सची आघाडी ५८ सेकंदांची होती. संध्याकाळी तो ५८ सेकंदांनी मागे होता. त्यानंतर पिवळी जर्सी त्याच्या अंगावर कधीच आली नाही. काही दिवसांनी तो पडून त्याच्या गालाचे हाड मोडले. घरी जाण्याचा सल्ला त्याने मानला नाही. घास चावता येत नसताना तो पॅरिसपर्यंत गेला आणि २ मिनिटे ४७ सेकंदांनी दुसरा आला. तो घरी गेला असता तर थेवनेचा विजय कायमचा ‘मर्क्स नसताना मिळालेला’ ठरला असता. आपल्याला हरवणाऱ्याला पूर्ण विजय मिळू देणे, हे हरणाऱ्याच्याच हातात असते, आणि मर्क्सने ते केले.

मिगेल इंदुराइनने दुसरा रस्ता धरला. सलग पाच विजयांनंतर १९९६ मध्ये लेझ आर्कच्या चढावर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्याच्या अंगातले त्राण संपले आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ गेला. त्याच शर्यतीतला एक टप्पा त्याच्या सन्मानासाठी त्याच्या गावावरून, व्हिलाव्हावरून, पाम्पलोनाला नेला होता, आणि तिथे तो आपल्या माणसांसमोर आठ मिनिटांहून अधिक उशिरा पोहोचला. त्या उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले आणि १९९७च्या पहिल्याच आठवड्यात निवृत्ती जाहीर केली. तेही शोभूनच दिसले. म्हणून कधी उतरावे याचे एकच उत्तर मी देऊ शकत नाही. आपण पाहणाऱ्यांनी ते द्यावे असेही मला वाटत नाही.

मार्क कॅव्हेंडिशला तर सगळ्यांनीच ‘पुरे’ म्हटले होते. २०२१ मध्ये त्याने मर्क्सच्या ३४ टप्पे जिंकण्याच्या विक्रमाची बरोबरी केली, २०२३ मध्ये हासळीचे हाड मोडून तो बाहेर पडला आणि ठरलेली निवृत्ती त्याने एक वर्ष पुढे ढकलली. २९ जून २०२४ रोजी, इटलीतल्या पहिल्याच टप्प्यावर, एकोणचाळीस वर्षांचा हा माणूस उन्हात सायकलवरच ओकत होता. मुख्य घोळका केव्हाच पुढे गेला होता, आणि त्याचे साथीदार वेळेच्या मर्यादेत त्याला पोहोचवण्यासाठी त्याच्याभोवती कडे करून चालले होते. आपल्या वडिलांनी टीव्ही बंद केला असता तो नेमका याच वेळी. चार दिवसांनी, ३ जुलैला, सँ-व्हुल्बासच्या सरळ रस्त्यावर तोच सर्वांच्या पुढे होता. तो त्याने जिंकलेला पस्तिसावा टप्पा.