व्यसनांचा डॉक्टर व्हायचंय? आधी हाडांच्या वॉर्डात फेरी मारा

तुमचा प्रश्न असा: इंटर्नशिप संपत आलीय, मानसोपचार घेऊन पुढे व्यसनं आणि अमली पदार्थांचं धोरण यात काम करायचंय, पण घरचे म्हणतात, ‘दारुड्यांचा डॉक्टर होणार का?’ मी कोल्हापुरात तेच काम करतो, म्हणून लिहितोय.

शिक्षणाचं पटकन सांगतो. एमडी सायकियाट्री 3 वर्षं. त्यापुढे अ‍ॅडिक्शन सायकियाट्रीत (व्यसनांच्या मानसोपचारात) डीएम ही वरची पदवी, आणखी 3 वर्षं, तेही दिल्लीचं एम्स, बेंगळुरूचं निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय अशा मोजक्या ठिकाणी. मी केलं नाही, माझं अडलं नाही. संशोधनात किंवा दिल्लीच्या समित्यांवर जायचं असेल तर करा.

धोरण म्हणजे दिल्लीत ठरणारी गोष्ट, असं मलाही वाटायचं. एका रुग्णालयात (नाव राहू दे) नवा होतो तेव्हा मांडीचं हाड मोडलेला एक फौंड्री कामगार हाडांच्या वॉर्डात आला. तिसऱ्या रात्री ‘पलंगाखाली म्हस कुनी बांधलीया?’ म्हणत पायाला लावलेल्या ट्रॅक्शनच्या वजनांसकट उठायला लागला. बायको म्हणाली, बाहेरचं लागलंय. वॉर्डातल्यांनी हात बांधले, ग्लुकोज लावलं आणि मग मला फोन. भरती करताना दारूचं कुणी विचारलंच नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिलिरियम (भान सुटून भास होणं) येऊ शकतो, त्यात माणूस दगावतोही. यावर उपाय: आधी थायमिन (जीवनसत्त्व बी1), मग ग्लुकोज, आणि वेळेत लोराझेपामसारखं शांत करणारं औषध. सगळं मिळून खर्च किरकोळ. तो वाचला. मी एक पान टाइप केलं: भरतीच्या वेळी विचारायचे तीन प्रश्न आणि थायमिनचा डोस. ते भिंतीवर लागायला आठ महिने गेले, कारण खाली सही कुणाची हेच ठरेना. माझं पहिलं धोरण ते.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या 2019 च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या साधारण 38 जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस आपल्या ओपीडीची पायरी चढत नाहीत. ते हाडांच्या, पोटाच्या वॉर्डात दुसऱ्याच कारणानं झोपलेले असतात.

कायदा मात्र नीट वाचा, पेशंट रोज तेच विचारतात. ‘पोरगं गांजा ओढतंय, तुम्ही पोलिसांत कळवणार का?’ अशी एक तरी आई आठवड्याला येते. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात कलम 64अ आहे: सेवनाचा किंवा अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्या गुन्ह्यातून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊही शकते. हे कलम किती वकिलांना आठवतं ते विचारू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार आजारात धरलेत, साखळीनं बांधायला बंदी घातलीय. आणि बंदी म्हटलं की गुटखा आठवतो: महाराष्ट्रात 2012 पासून बंद, आणि आमच्याकडच्या टपऱ्या तुम्ही पाहिल्याच असतील.

सगळ्यात जास्त शक्ती जाते ती नाही म्हणण्यात. ‘डॉक्टर, आमटीत घालायची गोळी द्या.’ ती डायसल्फिराम, दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी. पिणाऱ्याला न सांगता दिली आणि वर तो प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मी देत नाही, समोरचा चिडतो आणि दुसरीकडून आणतो. तरी पुढच्या वेळी यावा म्हणून त्याच्याशी गोड बोलायला शिकावं लागतं, एमडीत हे कुणी शिकवत नाही.

पैसा? घर चालतं. हृदयरोगवाल्या मित्राची गाडी बघू नका.

राहिला घरच्यांचा प्रश्न. माझी आई अजून पाहुण्यांना ‘मेंदूचा डॉक्टर आहे’ असंच सांगते. जेवणं उरकली की त्याच पाहुण्यांतले एखादे काका मला पायरीवर गाठतात आणि हळू आवाजात विचारतात, ‘जावईबापूंना कधी घेऊन येऊ?’