पिग्मी मशीन आणि सिस्टिम डिझाइनची फेरी

सप्रेम नमस्कार,

तुझा मेल वाचला. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर, एकच मोठं स्प्रिंग ॲप्लिकेशन, एकच ओरॅकल डेटाबेस, आणि महिन्यातून एकदा रात्री जागून केलेलं डिप्लॉयमेंट. ज्या नोकऱ्यांवर तुझा डोळा आहे, त्यांच्या जाहिरातीत मात्र ‘मायक्रोसर्व्हिसेसचा अनुभव’ हवा, म्हणजे एका मोठ्या ॲपऐवजी स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या छोट्या सर्व्हिसेसचा. म्हणून तू विचारतेस, अशा सर्व्हिसेस चालवणाऱ्या कुबरनेटीसचा कोर्स करू, की रेझ्युमेत एक ओळ घालून टाकू?

ओळ घालू नकोस. खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी ती टिकत नाही. मी मुलाखती घेतो तेव्हा उमेदवार फळ्यावर भराभर चौकोन काढतात: ऑर्डर सर्व्हिस, पेमेंट सर्व्हिस, मध्ये निरोप पोचवणारं काफ्का, वर सगळ्या विनंत्या घेणारा गेटवे. मी एवढंच विचारतो, “ऑर्डरनं पेमेंटला कॉल केला आणि उत्तर आलंच नाही. पैसे कापले गेले की नाही?” अनुभव नुसता कागदावर असेल तर इथे गाडी अडते.

तुझी अडायला नको. तुमचं पिग्मीचं मशीन आठव. (उडुपीच्या ज्या संस्थेची पुढे सिंडिकेट बँक झाली, तिनं 1928 मध्ये ही योजना काढली. रोज थोडे थोडे पैसे दारात येऊन गोळा करायचे, एवढीच कल्पना.) एजंट दुकानोदुकानी फिरतो, शंभर रुपये घेतो, पावती देतो. रेंज मिळाली की डेटा सर्व्हरवर चढतो. चढता चढता नेट गेलं की तो वैतागून पुन्हा बटण दाबतो. मग खातेदाराच्या नावावर दोनशे का जमा होत नाहीत? कुठेतरी मशीन क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक यांवर युनिक कन्स्ट्रेंट असणार, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा घ्यायला डेटाबेसच नकार देणार. जाऊन बघ. नसेल तर उत्तमच, मुलाखतीत सांगण्याजोगं एक काम तुला मिळालं.

मोठ्या कंपन्यांत याला आयडेम्पोटन्सी म्हणतात: तेच काम पुन्हा सांगितलं तरी परिणाम एकदाच. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये त्यासाठी ‘आयडेम्पोटन्सी-की’ नावाचा हेडरच आहे: तीच विनंती त्याच कीसह पुन्हा आली तर पैसे पुन्हा कापायचे नाहीत, पहिलंच उत्तर परत द्यायचं. तुमच्या पावती क्रमांकाचं कामही तेच.

आता तुमचा डे-एंड, म्हणजे दिवसअखेरीचा हिशोब घे. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेव खात्याला जमा आणि जनरल लेजरला (संस्थेच्या मुख्य खातेवहीला) नावे पडते. मध्येच काही फसलं तर रोलबॅक, म्हणजे सगळ्याच नोंदी मागे, विषय संपला. वहीत एक प्रश्न लिही: ठेवी आणि लेजर वेगळ्या सर्व्हिसेस झाल्या, दोघींचे डेटाबेस वेगळे झाले, तर काय मोडेल? रोलबॅक गेला. मग प्रत्येक पायरीला उलटी नोंद लिहावी लागेल. हा सागा पॅटर्न. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी तो 1987 मध्येच मांडला होता. शिवाय नोंद झाली पण दुसऱ्या सर्व्हिसला निरोप गेलाच नाही, असं होऊ नये म्हणून निरोपही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहून ठेवायचा आणि नंतर पाठवायचा. हा आउटबॉक्स. या दोन गोष्टी स्वतःच्या टेबलांची नावं घेऊन समजावता आल्या, तर कोर्सची गरज नाही.

थोडा हिशोबही हाताशी असू दे. एका विनंतीसाठी पाच सर्व्हिसेस एकामागून एक लागतात आणि प्रत्येक 99.9 टक्के वेळ चालू असते असं धर. पाचांचा गुणाकार साधारण 99.5 येतो. म्हणजे महिन्याला 43 मिनिटांचा खोळंबा साडेतीन तासांवर गेला. दिवसाला 10 लाख विनंत्या म्हणजे सेकंदाला सरासरी जेमतेम 12. हे आकडे मांडल्याशिवाय चौकोन काढायला घेऊ नकोस.

मग इतक्या कंपन्या तुकडे का करतात? मुख्य कारण माणसं. शेकडो इंजिनिअर एकाच कोडमध्ये हात घालू लागले की प्रत्येक रिलीज दुसऱ्यासाठी अडून राहतो. तुमची टीम सहा जणांची आहे, म्हणून तुमचा मोनोलिथ, म्हणजे एकच अखंड ॲप्लिकेशन, योग्य आहे, आणि हे तू न लाजता सांगू शकतेस. ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायचा गाभाही रेल्स या वेब फ्रेमवर्कमधला मोनोलिथच आहे, फक्त आत नीट कप्पे पाडलेले. 2023 मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं व्हिडिओचा दर्जा तपासणारी आपली यंत्रणा सुट्या भागांतून पुन्हा एका प्रोसेसमध्ये आणली आणि तिचा खर्च 90 टक्क्यांहून जास्त उतरला. पण हे उदाहरण ‘मायक्रोसर्व्हिसेस वाईट’ म्हणायला वापरू नकोस. ती एका टीमची, एका कामाची गोष्ट आहे, आणि समोरचा ॲमेझॉनचाच असेल तर तो तुझ्याहून जास्त जाणतो.

थेट विचारलं तर असं सांग: “प्रॉडक्शनमध्ये केलेलं नाही. आमची सिस्टिम फोडायची वेळ आली तर मी आधी एसएमएस बाहेर काढेन, कारण ते उशिरा गेले तरी पैशांचा हिशोब बिघडत नाही. लेजर सगळ्यात शेवटी.” आणि हे घरी खरंच करून बघ. एसएमएसचा भाग वेगळा काढ, मध्ये निरोपांची रांग सांभाळणारं रॅबिटएमक्यू ठेव, आणि प्रत्येक भाग वेगळ्या कंटेनरमध्ये एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोजवर चालव. मग निरोप वाचता वाचता एसएमएसचा कंटेनर मारून टाक. काही ग्राहकांना दोन एसएमएस जाऊ शकतात, काहींना एकही नाही. ते का झालं हे शोधताना टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची), रिट्राय (पुन्हा प्रयत्न) आणि दोन रिट्रायमधलं वाढतं अंतर आपोआप हाताखालून जाईल.

कोडिंगच्या फेऱ्यांबद्दल वेगळं काय सांगू? तुझ्या अनुभवाला खरी चाळणी तीच, आणि काही ठिकाणी डिझाइनची फेरी तुला नसेलही. म्हणून रोजचा पहिला तास त्यालाच दे, प्रश्न बोलत बोलत सोडव.

ॲमेझॉनला त्यांच्या 16 लीडरशिप प्रिन्सिपल्सवर प्रसंग विचारतात. आपल्याकडे ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय असते, समोरचा मात्र तू काय केलंस तेच टिपत असतो. मार्चअखेरीला व्याजाची पोस्टिंग अडकली होती तेव्हा ती क्वेरी तू शोधली होतीस ना? मग ‘मी शोधली’ म्हण, आणि किती वेळ वाचला तो आकडा सांग.

या आठवड्यात डे-एंडची आकृती एका पानावर काढून पाठव. कुठे काय फसू शकतं तिथे लाल खुणा कर. मी त्यावरच प्रश्न विचारेन.

तुझा,
दादा

ता. क. ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस. तीन महिन्यांच्या नोटिशीमुळे घाई होते हे मान्य, तरी नको.