इंग्लंडच्या नॉटिंगहॅम शहरातला सर्वात जुना पब नेमका कोणता?

भिंतीवर रंगवलेलं साल सोडून द्या. ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ या पबच्या भिंतीवर ठळक 1189 लिहिलंय, पण आजची इमारत मुख्यतः सतराव्या शतकातली. मागच्या वालुकाश्मातल्या गुहा जुन्या असतील, पण गुहा म्हणजे पब नव्हे!

लाकडाचा पुरावा बघायचा तर ‘सॅल्युटेशन’ हा पब पुढे आहे. तिथल्या ओकच्या तुळया वार्षिक वलयांवरून साधारण 1360 च्या ठरल्या, ‘बेल इन’च्या साधारण 1420 च्या. पद्धत अशी: तुळईत बारीक भोक पाडून पेन्सिलीएवढा नमुना काढतात आणि वलयांचा जाड-बारीक क्रम त्या प्रदेशातल्या झाडांच्या वलयांच्या तयार आलेखाशी जुळवतात. सालीलगतचं कच्चं लाकूड शाबूत असेल तर झाड कधी तोडलं ते थेट वर्षापर्यंत सांगता येतं. ते तासून टाकलं असेल तर अंदाजच. तेव्हा ओक ओला असतानाच कापून सांगाडा उभा करत, त्यामुळे तोडणी आणि बांधकाम यांत फारसं अंतर नसतं. अर्थात जुनी तुळई दुसरीकडून आणून बसवलेली असू शकते. निरुपयोगी खाचा दिसल्या की शंका घ्यावी.

आणि हो, इमारत 1360 ची म्हणजे दारूही तेव्हापासूनच विकली जात होती, असं नाही. त्यासाठी कागदपत्रंच लागतात.