नवं सर्टिफिकेट आलं, साइट मात्र जुनंच दाखवते

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ब्राउझरला खात्री देणारी फाइल) सर्टबॉट हा प्रोग्राम आपोआप रिन्यू करतो. लॉगमध्ये सगळं यशस्वी दिसतं. तरी परवा सभासदांच्या मोबाइलवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर तो गेला. असं का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : रीस्टार्टने इशारा गेला, यातच कारण दडलंय. सर्टबॉट नवं सर्टिफिकेट आणून डिस्कवर ठेवतो. एन्जिनएक्स हा साइट दाखवणारा वेब सर्व्हर मात्र सुरू होताना वाचलेलं जुनंच मेमरीत धरून बसतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट साधारण ३० दिवस उरले की नवं आणतो. म्हणजे नवं सर्टिफिकेट महिनाभर फोल्डरमध्ये पडून होतं.

सर्टबॉटच्या 'रिन्यूअल-हुक्स'मध्ये (रिन्यूअलच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टची जागा) 'डिप्लॉय' नावाचा फोल्डर असतो. त्यात आधी एन्जिनएक्सची कॉन्फिग तपासणारी आणि मग तो रीलोड करणारी (म्हणजे बंद न करता फाइल पुन्हा वाचायला लावणारी) छोटी स्क्रिप्ट ठेवा. तिला एक्झिक्यूटची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ती चालणारच नाही. रीस्टार्टची गरज नाही, रीलोड पुरतो. चालू असलेली कनेक्शन्सही तुटत नाहीत. आणि ड्राय-रन (रिन्यूअलची रंगीत तालीम) यशस्वी झाला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात हा हुक एरवी चालवलाच जात नाही.

तपासणीही बाहेरून करा. डिस्कवरच्या फाइलची तारीख उपयोगाची नाही, पोर्ट ४४३ वर (हे एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित कनेक्शनचं पोर्ट) प्रत्यक्ष कुठलं सर्टिफिकेट मिळतं ते बघा. २० दिवसांपेक्षा कमी उरले तर मेल येईल अशी सोय लावा. मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलंय.

प्रश्न : आम्ही वर्षाचं सर्टिफिकेट विकत घेऊन हाताने बसवतो. बदलायची गरज आहे का? – एक व्यापारी, वाशी

उत्तर : आहे. जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस, असं ठरलेलं आहे. दीड महिन्याला हाताने फाइल बदलणं कुणाला जमणार? पैसे घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्याही आता सर्टिफिकेट आपोआप देण्या-घेण्याचा 'ॲक्मी' प्रोटोकॉल चालवतात. तुमच्या विक्रेत्याकडे 'एक्स्टर्नल अकाउंट बाइंडिंग'ची की मागा. तुमचं विकतचं खातं ॲक्मीच्या खात्याला तिनेच जोडलं जातं.

प्रश्न : सुरक्षेसाठी पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं) बंद केलं आणि भारताबाहेरचे आयपी अडवले. आता रिन्यूअल टाइमआउट होतं. – एका वाचनालयाची साइट सांभाळणाऱ्या वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही गोष्टी आड येतात. डोमेन तुमचंच आहे ना, हे सर्व्हरवरची एक फाइल मागून पाहणारी 'एचटीटीपी-०१' तपासणी पोर्ट ८० वरच सुरू होते आणि फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट ती एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून करतं. त्या ठिकाणांचे आयपी जाहीर केले जात नाहीत आणि बदलतही राहतात, त्यामुळे यादी करून सोडण्याची सोय नाही.

बाहेरच्या देशांसाठी ४४३ बंदच ठेवायचं असेल तर ८० सगळ्यांना उघडा. 'वेल-नोन'खालच्या 'ॲक्मी-चॅलेंज' या पाथचा नियम रीडायरेक्टच्या आधी लिहा, म्हणजे ती फाइल थेट ८० वरूनच मिळेल. बाकी सगळं एचटीटीपीएसकडे वळवा. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) जुना क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही-६ पत्त्याचा, रेकॉर्ड राहिलाय का तेही पाहा. तो असेल तर तपासणी आधी आयपीव्ही-६ वर जाते आणि तिथे भलताच सर्व्हर उत्तर देतो. प्रयोग लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग (सरावाच्या) सर्व्हरवरच करा. खऱ्या सर्व्हरवर एका नावासाठी तासाभरात ५ तपासण्या फसल्या की थांबावं लागतं.

प्रश्न : पोर्ट ८० तर एन्क्रिप्टेडही नाही. मग ॲक्मीचं स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी या तपासणीसाठी ४४३ का नाही निवडलं? – एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : फार चांगला प्रश्न. एका सर्व्हरवर शंभर ग्राहकांच्या साइट्स आहेत आणि त्यातल्या एकीला अजून एचटीटीपीएस नाही, असं धरा. तिच्या नावाने ४४३ वर विचारणा आली की अनेक सर्व्हर ती यादीतल्या पहिल्याच साइटकडे देतात. मग तो पहिला ग्राहक शेजाऱ्याच्या नावाचं सर्टिफिकेट काढू शकला असता.

हा धोका नुसता कागदावरचा नव्हता. ४४३ वरची 'टीएलएस-एसएनआय-०१' ही पद्धत जानेवारी २०१८ मध्ये याच जातीच्या दोषामुळे बंद करावी लागली. काही होस्टिंगवर कुठल्याही नावाचं स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट चढवता येत होतं आणि तेवढ्यावर, त्याच आयपीवर असलेल्या दुसऱ्याच्या डोमेनची तपासणी पार होत होती. मार्च २०१९ मध्ये ॲक्मीचं अधिकृत स्टँडर्ड, आरएफसी ८५५५, आलं, त्यात ती पद्धत नाही. नंतर आलेल्या 'टीएलएस-एएलपीएन-०१'मध्ये सर्व्हरने 'मला ही तपासणी कळते' असं हँडशेकमध्ये (कनेक्शन जुळताना) स्पष्ट सांगावं लागतं, त्यामुळे बेसावध होस्टिंग फसत नाही.

एन्क्रिप्शन नसण्याबद्दल म्हणाल, तर त्या फाइलमध्ये गुपित काहीच नसतं. टोकन (त्या तपासणीसाठी दिलेला मजकूर) आणि तुमच्या अकाउंटच्या कीचा ठसा, एवढंच. ती कुणी वाचली तरी त्याच्याकडे तुमची की नसते. खरा धोका आहे तो वाटेत बसून उत्तरच बदलणाऱ्याचा. वर सांगितलेली अनेक ठिकाणांहूनची तपासणी त्याच्यासाठीच आहे. अजून एक कडी लावायची असेल तर डीएनएसमध्ये सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कुणी द्यायचं ते सांगणारा) टाका आणि त्यात 'अकाउंट-यूआरआय', म्हणजे तुमच्या ॲक्मी अकाउंटचा पत्ता, लिहा. मग लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या अकाउंटखेरीज कुणालाही त्या डोमेनचं सर्टिफिकेट देणार नाही.