टाळी वाजवून केलेल्या कानाच्या तपासणीवर थांबू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगा अडीच वर्षांचा, 'आई' आणि 'बा' एवढंच बोलतो, हवी ती वस्तू तुमचा हात धरून दाखवतो. डॉक्टर म्हणाले चार वर्षांपर्यंत वाट बघा, सासूबाई म्हणतात त्याचा बापही उशिराच बोलला. आमच्या घरात अगदी हेच चाललं होतं, म्हणून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, मालवणकडचा एक बाप आहे, तेवढं धरूनच वाचा.

स्पीच थेरपी करायची का, हा प्रश्न नंतरचा. आधी कान, आणि तेही यंत्रावर तपासलेले. आमच्या मुलीला एका सरकारी केंद्रात नेलं होतं. तिथल्या माणसाने तिच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली, डबा वाजवला, ती वळली आणि कागदावर आलं 'श्रवण सामान्य'. त्या कागदाने आमचा जेवढा काळ खाल्ला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. पुढे जिथे जाऊ तिथे तो बघून म्हणायचे, कान ठीक आहेत, तुम्ही घरात बोलत नसाल, मोबाईल हातात देत असाल. दिवसभर पोरीशी बोलणाऱ्या माझ्या बायकोने हे ऐकून घेतलंय. अजून राग जात नाही.

शेवटी कोल्हापूरला बेरा झाली, म्हणजे झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघणारी तपासणी. दोन्ही कानांत मध्यम दोष, बारीक सुरांकडे जास्त. टाळी मोठी असते, ती पोचते. 'स', 'श' असे हलके आवाज पोचत नाहीत. कोणीतरी हाक मारतंय हे अशा मुलाला कळतं, काय म्हणतंय ते कळत नाही. तुमच्या मुलाचे कान ठणठणीत असतीलही, तर निदान ती शंका मिटेल. सारखी सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का तेही बघायला सांगा. अहवालात दोन्ही कानांचे डेसिबलचे आकडे वेगवेगळे हवेत. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून जाताना एसटीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथे पोचल्यावर टक्क जागं. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) असतं, पण थेरपिस्ट जागेवर आहे का ते फोन करून विचारूनच निघा.

दोन वर्षांचं मूल 'पाणी दे', 'बाबा ये' असे दोन शब्द जोडायला लागतं. अडीचला तेही नसेल तर 'थांबा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये, असं माझं ठाम मत.

आता थेरपी. आईबापाला बाहेर बसवून दार लावणारा थेरपिस्ट मला पटत नाही. आठवड्याच्या एका तासात मूल बोलायला शिकत नाही, घरी काय करायचं ते त्या तासात आपण शिकायचं असतं. आमच्या थेरपिस्ट बाईंनी पारदर्शक बरणीत चुरमुरे भरून झाकण घट्ट लावलं आणि बरणी पोरीच्या हातात दिली. तिने ओढून पाहिलं, मग बाईंच्या मांडीवर ठेवली. बाई गप्प, नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत. बराच वेळ. पोरीने 'उ' केलं, त्याबरोबर बाई म्हणाल्या, "उघड! उघड बरणी!" चारच चुरमुरे दिले आणि झाकण पुन्हा बंद. घरी आजीने हेच खाजाच्या डब्यावर केलं. रडेपर्यंत मात्र ताणायचं नाही. आणि पाहुण्यांसमोर 'बोल बघू, म्हण बघू' हे तर आजच बंद करा, त्याने मूल आणखी मिटतं.

आम्हाला कोणीतरी घरातली मालवणी बंद करायला सांगितलं होतं. ऐकलं नाही. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. आजीला जी भाषा मोकळेपणाने येते, तिच्यातच तिने नातवाशी बोलावं.

थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा (थेरपिस्टची सरकारी नोंदणी करणारी संस्था) नोंदणी क्रमांक विचारा, संकोच करू नका. जवळ कोणी नसेल तर महिन्याकाठी एकदा प्रत्यक्ष आणि मधे व्हिडिओ कॉल, असंही काहीजण करतात.

कानाला ऐकायचं मशीन लागलंच तर आपल्याकडच्या पावसाळ्याची तयारी ठेवा. दमट हवेने ते बिघडतं. रात्री सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डबीत ठेवायचं. सेलवरचा स्टिकर वापरायच्या वेळीच काढा, एकदा काढला की सेल उतरायला लागतो.