पुढच्या चाकाशी पुन्हा ओळख

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ५१. तीन वर्षं रविवारच्या सायकल ग्रुपबरोबर ऐरोली पुलावरून पाम बीच रोड आणि परत अशी राइड करत होते. दिवाळीनंतर खोकल्याने धरलं, त्यात पहाटेचा काळोख आणि धुरकट हवा. जाणं थांबलं ते थांबलंच. आता थंडी सरली, खोकलाही गेला. 'या रविवारी येताय ना?' असे मेसेज येतात. मन ओढ घेतं, पण माझ्यामुळे सगळे ताटकळतील याची धास्ती वाटते. आधी एकटीने तयारी करू, की सरळ जाऊन उभी राहू?

उत्तर : ताई, जा. फक्त त्याआधी दोन आठवडे हाताशी ठेवा, आणि ते पायांसाठी वापरू नका.

तुम्हाला काळजी दमाची आहे. मला काळजी वाटते ती अंदाजाची. तीन-चार आठवडे सायकल बंद राहिली तरी दम उतरायला लागतो, तुमची तर तीन-चार महिने बंद होती. पण तीन वर्षं चालवलेलं शरीर तो परत मिळवतंही लवकर. पुढच्या सायकलपासून किती अंतर ठेवायचं, पेडल कधी थांबवायचं, ब्रेकला नुसतं बोट कधी लावायचं, हे मात्र हातापायांतून गेलेलं असतं. आणि गेलंय हे आपल्याला कळत नाही.

मला ते फेब्रुवारीतल्या एका रविवारी कळलं. आईच्या आजारपणात चार महिने माझी सायकल गॅलरीत उभी होती. परतले त्या दिवशी उत्साह अंगात मावत नव्हता. विक्रोळीहून ठाण्याच्या दिशेने पूर्व द्रुतगती मार्गावर आम्ही नऊ जण, मी चौथी. माझी नजर पुढच्या मुलाच्या मागच्या टायरवर खिळलेली. त्या टायरला कडेने एक निळी रेघ होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. खड्डा चुकवायला त्याने सायकल जराशी डावीकडे घेतली. तोवर माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला वीतभर पुढे सरकलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता. रबर रबराला घासल्याचा झर्रकन आवाज झाला आणि मी रस्त्यावर. त्याला धड धक्काही बसला नाही. चाकाला चाक लागलं की पडतो तो मागचा, कारण तोल सावरायला हँडल वळवावं लागतं आणि तेच अडकलेलं असतं. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहिते आहे.

तेव्हा तुमचे दोन आठवडे असे घालवा. ग्रुपमधल्या एकीला गाठा, आठवड्यात दोन सकाळी, अर्धा-पाऊण तास, वर्दळ नसलेल्या आतल्या रस्त्यावर. वेग ताशी अठरा-वीस किलोमीटरच्या वर नको. ती पुढे, तुम्ही मागे, मध्ये आधी एक सायकलभर अंतर, मग हळूहळू कमी. तिच्या टायरकडे बघू नका. तिच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता बघा, टायर डोळ्याच्या कडेला आपोआप दिसत राहतो. अंतर कमी झालं तर ब्रेक दाबण्याआधी पेडल थांबवा. तिच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक कधीच नेऊ नका. आणि तोंडाने बोला. 'खड्डा', 'स्लो', 'मागून गाडी' हे ओरडायला इतक्या दिवसांनी चक्क लाज वाटते, ती याच दोन आठवड्यांत मोडून टाका.

पहिल्या रविवारी एक चूक बहुतेक सगळे करतात. आपण कच्चे म्हणून शेवटी राहतात. ताई, शेवटची जागा फार दमवणारी. पुढचे सिग्नलला हळू झाले, पुन्हा निघाले, की मधलं अंतर रबरासारखं ताणत मागे येतं आणि शेवटच्याला दर वेळी धावून ते भरावं लागतं. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या जागी राहा, ज्यांचा वेग घड्याळासारखा एकसारखा असतो अशांच्या मागे. प्रत्येक ग्रुपमध्ये असं कोणीतरी असतंच. पुढचा सायकलस्वार वारा अडवतो, आणि वेग तिशीकडे गेला की त्या आडोशाने तुमची पाव हिस्सा मेहनत सहज वाचते. पुढे येऊन वारा अंगावर घेण्याची पाळी महिनाभर घेऊ नका, आणि त्याबद्दल माफीही मागू नका.

ताटकळण्याचं म्हणाल तर आदल्या रात्रीच लीड करणाऱ्याला सांगून ठेवा, 'मी वाशीहून परत फिरणार.' न सांगता मागे पडलेल्या माणसाची लोक वाट बघतात, शोधाशोध करतात. सांगून परतणाऱ्याला हात हलवतात आणि पुढे जातात. ऐरोली पुलाच्या चढावर सुटलात तर सुटू द्या. हलका गिअर टाका, खाडीकडे बघा. रोहित पक्षी अजून आहेत, ते मे महिन्यापर्यंत असतात. सगळ्यात मागून येणारा स्वीप तुमच्यासाठीच नेमलेला आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

एकटीने दोन महिने तयारी करून मग जाईन, असं मात्र मनात आणू नका. तोवर मे उजाडेल. आपल्याकडे थंडी आणि उन्हाळा यांच्यामधली फट फार बारीक असते. जानेवारीत सव्वासातला उगवणारा सूर्य मार्चअखेर साडेसहाला वर येतो. काळोखाचं कारण त्याने संपतं, पण नऊनंतर ऊन टोचायला लागतं. या दिवसांत जमिनीवरून पूर्वेचा वारा वाहत राहिला की समुद्राचा वारा दुपारपर्यंत आत शिरतच नाही. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, तीही मार्चमध्येच. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि ती सवय थोडं-थोडं ऊन खाऊनच होते. बाटल्या दोन घ्या, एकीत लिंबू, मीठ, साखर. नऊच्या आत घरी.

सायकल स्वतः तपासा. खाऱ्या हवेत चेन गंजते हे माहीत असतंच, पण उभ्या सायकलच्या टायरला कडेने बारीक भेगा पडतात तिकडे लक्ष जात नाही. हवा भरून टायर अंगठ्याने दाबत पूर्ण फिरवा. भेगा दिसल्या तर बदला.

आणि खोकला गेला असला तरी चढावर छातीत शिट्टीसारखा आवाज आला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आम्ही दादरचे सहा मित्र. उन्हाळ्याआधी अटल सेतूवरून सायकलने पलीकडे जायचा बेत आहे. सोडतात का?

उत्तर : नाही. अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, वांद्रे-वरळी सी लिंकवरही आणि ईस्टर्न फ्रीवेवरही. पलीकडेच जायचं असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो बोट घ्या, सायकल चढवता येते. मांडव्याहून अलिबाग साधारण वीस किलोमीटर. सकाळची पहिली बोट गाठा आणि परतीची तिकिटं आधीच काढून ठेवा, नाहीतर भर दुपारी धक्क्यावर सहा सायकली धरून उभे राहाल.