फुंकायला नको म्हणू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच आडवा झालो होतो. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणाचं तरी "चला, चला, बाजूला घ्या", आणि तू दबक्या आवाजात विचारलंस, "काका, फुंकायला नाही म्हणलं तर चालतंय का?" मी म्हणालो, "फुंक." फोन कट झाला. पोलिसांच्या दारू मोजायच्या यंत्रात (ब्रेथ अ‍ॅनालायझर) फुंक असं का म्हणालो, त्या एका शब्दामागचं सगळं आता सावकाश लिहितो.

हुरड्याला गेला होतास, दोनच बिअर झाल्या, असं रविवारी सांगितलंस. माझ्या एवढ्या वर्षांच्या वकिलीत तीन झाल्या म्हणणारा पक्षकार मला अजून भेटायचाय. असो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ बाटल्या मोजत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा. तुझा आकडा ४१ आला. निघताना तू मूठभर शेंगाचटणी आणि कांदा खाल्लास, त्यानं तोंडाचा वास झाकला असेल, आकडा नाही. यंत्र मोजतं ती रक्तातून फुप्फुसात उतरलेली दारू. रक्तातला आकडा तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या (१०० मिलिलिटरमागे) गतीनं उतरतो. लिंबू, ताक, काळी कॉफी यांनी त्यात काही फरक पडत नाही.

आता नकाराचं. कट्ट्यावरचे तुझे मित्र सांगतात की फुंकलंच नाही तर पुरावाच नाही. इतका महागात पडणारा सल्ला दुसरा नसेल. संशयाला वाजवी कारण असेल तर गणवेशातला पोलीस तुला फुंकायला सांगू शकतो. तू नाही म्हणालास आणि दारूचा संशय आहे, तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होते. ठाण्यात नेल्यावर कलम २०४ खाली डॉक्टरसमोर रक्त मागता येतं. तिथेही सबळ कारणाशिवाय अडून बसलास तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला टेकू म्हणून वापरता येतो. म्हणजे बोलायचं नाही म्हणून गप्प बसायचं आणि ते गप्प बसणंच साक्षीला उभं राहायचं!

तुझा हक्क नकारात नाही, नोंदीत आहे. तो कुणी वापरत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष "साहेब, बघा ना काहीतरी" यात असतं. यंत्रावरचा आकडा स्वतः बघायला माग. आत्ताच माउथवॉशनं चूळ भरली असेल किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तिथेच सांग आणि पंधरा मिनिटांनी परत फुंकू द्या म्हण. तोंडातलं अल्कोहोल तेवढ्या वेळात ओसरतं. अटक झाली तर ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी द्यायची, असं कलम २०३ मध्येच लिहिलंय. अटकेचं कारण तुला सांगायला हवं आणि घरच्यांना कळवायला हवं. गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा रात्रभर रडत बसायची गरज नसते.

आणि घड्याळ बघ. कलम १८५ खाली अटक झाली की दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडायला लागतं. माझ्या एका पक्षकाराच्या कागदावर अटकेची वेळ होती १०.४०, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर १.१५, त्यातला एक आकडा खोडून वर दुसरा गिरवलेला. त्या गिरवलेल्या एकावरच मी उलटतपासणीत पाऊण तास काढला. पण गैरसमज नको. दोन तास उलटले तर सुटका कोठडीतून होते, खटल्यातून नाही.

रक्त घेतानाचीही एक गोष्ट. एका दवाखान्यात माझ्यासमोर वॉर्डबॉयनं सवयीनं स्पिरिटचा बोळा उचलला. दारू तपासायची आणि सुई टोचायच्या जागी अल्कोहोलच चोळायचं! दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम सांगतात की कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायची, अल्कोहोलचा स्पर्श कुठेच नको, आणि रक्त निदान ५ सीसी घ्यायचं. तेव्हा बोळा कशाचा ते विचार, बाटलीवर तुझं नाव लिहिलेलं आणि सील लावलेलं डोळ्यांनी बघ. पुण्यात २०२४ मध्ये एका अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ते तू वाचलंच आहेस. बाईमाणसाचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी स्त्री हजर हवी. हे तुझ्या ताईला सांगून ठेव, तीही आता गाडी चालवते.

चाचणीचं महत्त्व दोन्ही बाजूंनी आहे. वास येतो, चाल डळमळीत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बोलणं असंबद्ध, एवढ्या निरीक्षणावर दारू प्यायला होता असं खात्रीनं म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. प्यायला नसशील तेव्हा तेच यंत्र तुझा साक्षीदार असतं.

यावेळी ते नाहीये. ४१ हा आकडा मी पुसू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर पुसायची इच्छाही नाही. हुरड्याच्या दिवसांत पुणे रोडवर रात्री उसाच्या ट्रॉल्या कशा उभ्या असतात, मागे दिवा ना रिफ्लेक्टर, ते तुला ठाऊक आहे.

कुणीतरी "दोन हजारात मिटवतो" म्हणाला, असं तू म्हणालास. या कलमात जागेवर तडजोड नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षं आणि पंधरा हजारांपर्यंत मजल जाते. दोषी ठरलास तर लायसन्स निदान सहा महिने जातं. डिलिव्हरीची नोकरी करणाऱ्याला दंडापेक्षा हेच जड. मालकाला आधी तू सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

गुरुवारी संध्याकाळी सहानंतर ये. नोटीस, लायसन्स आणि आरसीची झेरॉक्स, आणि डॉक्टरनं दिलेला कागद असेल तर तो. आईला घेऊन येऊ नकोस, तिला मी नंतर फोन करतो.

तुझा,
वकीलकाका